नुसते जोर काढणारा तुळशीराम

एकाहत्तरच्या लढाईआधीच्या उन्हाळ्यात तुळशीराम ढोक याच्यासारखे जोर काढणारा माणूस अख्ख्या रांझी वस्तीत नव्हता. दारूगोळ्याच्या कारखान्यातून सुटला की तो थेट आखाडा गाठायचा. तिथं अंग निथळेस्तोवर जोर, आणि नुसते जोरच. छाती फळीसारखी झाली होती. बायको भानुमती म्हणायची, "सदरे उसवून राहिले तुमच्या अंगावर!" त्याला ते ऐकायला फार गोड वाटायचं.

पावसाळा सरता सरता कारखान्यात कामाची घाई उडाली. तयार पेट्या लॉरीत चढवायला सगळ्याच खात्यांतली माणसं लावली. तुळशीरामच्या जोडीला गुणवंत होता, काटकुळा आणि हसरा. पहिल्याच पेटीला फजिती झाली. जमिनीवरून उचलताना तुळशीरामची कंबर थरथरली, आणि पेटी खांद्याच्या वर न्यायची वेळ आली तेव्हा हातच लुळे पडले. सगळा भार गुणवंतवर कलंडला. त्यानं तो छातीवर झेलला म्हणून निभावलं.

"होते भैया कधी कधी. चलो, दुसरी घेऊ," एवढंच गुणवंत बोलला. त्या चांगुलपणानंच तुळशीराम जास्त ओशाळला.

आखाड्याचे वस्ताद बळीराम अण्णा, रेल्वेतून निवृत्त झालेले. तुळशीराम त्यांच्यापुढे जाऊन बसला. "अण्णा, इतके जोर काढतो, तरी ताकद काहून नाही?"

"आहे ना. जोर काढायची ताकद आहे," अण्णा म्हणाले. "अंगाला जे शिकवलं तेवढंच ते शिकलं. पाठीला, मांड्यांना, पंजाला कधी विचारलं तू?"

झालं! तुळशीराम सुटलाच. आज लाकडी मुद्गल फिरवणं, उद्या दोरावर चढणं, परवा आणखी काही. अंग ठणकायचं, पण आखाड्यातली नाल, ती उचलायची जड दगडी कडी, काही जागची हलेना. अण्णांना हसू आलं.

"अरे, आधी एकाच घरात कोंडून बसला होता, आता दारोदार फिरून राहिला. कुठंच टिकत नाहीस, तर ओळख होईल कशी?"

मग अण्णांनी नीट घडी बसवून दिली. बैठका आणि नाल कायम. त्यांच्या जोडीला मुद्गल आणि दोर, आणि ते अंगात मुरल्यावरच त्यात बदल. जोर राहिले, पण थोडे. तुळशीरामनं मुकाट्यानं ऐकलं. दिवाळीनंतर नाल गुडघ्यापर्यंत आली, मग छातीपर्यंत, आणि थंडी पडली तेव्हा डोक्यावर गेली.

डिसेंबरात लढाई पेटली. पाळ्या लांबल्या, माणसं थकली. एका दुपारी भरलेली हातगाडी उतारावरून मागं घसरली आणि गुणवंत तिच्या नि भिंतीच्या मधे सापडला. तुळशीराम धावला. मांड्या रोवल्या, पाठ ताठ केली, आणि गाडीखाली हात घालून ती उचलून धरली. बाकीच्यांनी गुणवंतला बाहेर ओढलं. पाय मोडला होता, पण जीव वाचला.

दवाखान्यातून परत येताना गुणवंतची बायको शैलजा लाडवांचा डबा घेऊन तुळशीरामच्या घरी आली. डबा समोर धरून ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही नसते तर..."

"वहिनी, असं मला एकट्याला नका म्हणू," तो म्हणाला. "चला माझ्यासोबत."

अण्णा आखाड्याच्या मातीत तेल-हळद कालवत होते. शैलजा पाया पडायला वाकली तसे ते गडबडून मागं सरले. "अहो बाई, मी तर नुसता ओरडत होतो."

"ओरडले म्हणून तर," तुळशीराम म्हणाला, आणि तोही वाकला. इतक्या वर्षांत त्यानं अण्णांना कधी मनापासून नमस्कार केला नव्हता. डोकं त्यांच्या मातीनं भरलेल्या पायांवर टेकलं, आणि लवकर उठवेना.

शैलजानं डबा उघडला. तिघं कठड्यावर बसून लाडू खाऊ लागले.

"पाय जुळला की गुणवंतला इकडे पाठवा," अण्णा तोंड पुसत म्हणाले. "हळूहळू बळ आणू त्यात. घाई नाही करायची."