वेगळं काय आहे तुझ्यात?

ज्या पोरीला आजोबांच्या खोलीत डोकवायलाही कधी फुरसत नसायची, ती रोज संध्याकाळी त्यांच्या खाटेपाशी बसायला लागली, तेव्हाच आईला वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

आजोबा म्हणजे आईचे सासरे. आयुष्यभर बस चालवलेली. आवाज असा, की मागच्या सीटवरचा झोपलेला माणूसही दचकून उठायचा. पण अर्धांगवायूचा झटका आला आणि शब्द जिभेवरच अडकून बसले. आता नात त्यांच्याकडून 'चमचा', 'खिडकी' असं एकेक वदवून घ्यायची. समोर मोबाइल मात्र कायम चालू.

"शूटिंग कशाला गं?" आईने विचारलं.

"आठवण म्हणून," पोरगी मान वर न करता म्हणाली.

आईला चैन पडेना. ती तडक पोरीच्या प्रवेश-सल्लागाराच्या ऑफिसात गेली. मोठमोठ्या विद्यापीठांत प्रवेश कसा मिळवायचा, हे तो मुलांना शिकवायचा.

"ताई, मार्क सगळ्यांनाच असतात," तो गोड आवाजात म्हणाला. "तिथे विचारतात, तुझ्यात वेगळं काय? तुमच्या मुलीकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. मी एवढंच विचारलं, घरात कुणी आजारी आहे का?"

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आली तर पोरगी क्लासला गेलेली. मग ती सासऱ्यांपुढेच जाऊन बसली.

"बाबा, कसं सांगू... ती तुमच्यासाठी नाही बसत. तिच्या प्रवेशासाठी चाललंय हे सगळं."

आजोबा मिश्कील हसले. "मा...हीत आहे." मग जरा दम खाऊन म्हणाले, "खिडकी लाव. वारा येतोय."

आई बघतच राहिली. याच 'खिडकी'वर काल नातीसमोर गाडी पुढे सरकत नव्हती.

"म्हणजे तुम्हाला येतंय? मग तिच्यासमोर का अडता?"

"आलं... तर ती उठून जाईल."

पोरगी परतली तशी आईने तिला फैलावर घेतलं, आजोबांची लबाडीही सांगून टाकली. पोरगी आधी लालबुंद झाली, मग रडली, मग आजोबांच्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं. आत काय बोलणं झालं कोण जाणे. थोड्या वेळाने दोघांच्या हसण्याचा आवाज तेवढा आला.

विद्यापीठाच्या मुलाखतीत तिने काहीच लपवलं नाही. सुरुवात तुमच्यावर छाप पाडायलाच केली, आणि आजोबांनी मला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, असं सरळ सांगितलं. तिला प्रवेश मिळाला.

सल्लागाराचा फोन आला. "बघा ताई! मीच म्हटलं होतं तिला, खरं सांगून टाक. खरं बोलणारी मुलं उठून दिसतात."

आईचा चेहरा पडला. फोन ठेवून तिने पोरीला विचारलं, "खरं तू आपणहून बोललीस, की तेही त्यानेच पढवलं?"

"अगं, त्याला तर मी मुलाखतीनंतर सांगितलं. आता श्रेय लाटतोय."

आईने मान डोलावली. विश्वास बसला, पण अर्धाच. तरीही जायच्या दिवशी पोरीला तिने दारातच मिठीत धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.