बेलाच्या वाटणीचं पाणी

आमचा बेल वाळत चालला होता. सदाशिव नाव लावून फिरतो मी, आणि सोमवारी पिंडीवर वाहायला एक धड पान मिळेना. तंजावुरात राजवाड्यामागे आमचं घर. समोर नवं लॉज झालं, त्यांनी खोल बोअर मारलं आणि आमची विहीर आटली. नळाचं पाणी प्यायलाच पुरेना. याला हल्ली प्रगती म्हणतात. म्हणोत बापडे.

परसाला लागून मशीद. मधे कमरेएवढी भिंत, बेल तिला टेकूनच उभा. नमाजाआधी लोक हौदावर वजू करतात, हातपाय धुतात. ते पाणी गटारात जातं. ते बेलाकडे वळवायचं मी ठरवलं. इमामांनी, त्यांना सगळे हजरत म्हणतात, लगेच होकार दिला. आडवी आली ती आमची बायको, सुंदरी.

"पाय धुतलेलं पाणी देवाच्या झाडास?"

तिचं न ऐकता मी भिंतीला भोक पाडलं. पण पाणी येतंय कुठे? नुसती ओल. डोकावून पाहिलं, तर हजरतांनी हौदाचे नळ बंद करून प्रत्येकाच्या हाती एकेक लहान चेंबू, आपला तांब्या हो, दिलेला.

तडक गेलो. "नळ जरा सैल सोडा ना. झाडालाच जाईल."

"रावसार," हजरत तमिळमध्ये म्हणाले, "वाहत्या नदीकाठी वजू करत असलात तरी पाणी उधळू नका, ही पैगंबरांची शिकवण. झाडाचं निमित्त कसं करू?"

माझं डोकंच फिरलं. झाड मरतंय आणि हे तांब्या धरून बसलेत. उठलो, तर त्यांनी हात धरला.

"झाडाला पाणी देणं मात्र सदका आहे, दान. ते सरळ मागा की."

मागायची लाज वाटत होती, दुसरं काय. "पूजेचं झाड आहे ते," मी पुटपुटलो.

"वर साळुंक्या बसतात ना? मला तेवढं पुरे."

दुसऱ्या दिवसापासून वजू झाली की जो तो हौदातलं चेंबूभर स्वच्छ पाणी भिंतीवरून बेलाच्या बुडाशी ओतू लागला. सुंदरी मागल्या दारातून बघत राहायची. महिन्याभरात पोपटी पालवी फुटली. मला रडू आलं, लपवत नाही.

सोमवारी पूजेला बसलो. टंचाई असली तरी सोमवारच्या अभिषेकाला घागर असतेच. समोर नुसता तांब्या.

"घागर कोठे?"

"बेलास ओतून आले," सुंदरी म्हणाली. "महादेवास इतकं पुरे."