फाटक्या पंखाचं वटवाघूळ

अंग शिवलेलं असलं तरी माझं तोंड काही शिवलेलं नाही. म्हणून बोलतेच कशी! मी एक कापडाचं वटवाघूळ. त्याआधीच्या जन्मी मी या घरातल्या सासऱ्यांची काळी छत्री होते. ते देवाघरी गेले, माझ्या काड्या मोडल्या आणि मी माळ्यावर धूळ खात पडले.

मला खाली काढलं सुनेनं. ती रानातल्या जिवांचा अभ्यास करते आणि शाळाशाळांतून, चौकाचौकांतून त्यांच्या वतीने भांडते. लोक तिला वटवाघूळबाई म्हणतात. चिडवायला म्हणतात, पण ती खुशाल ओ देते. मुलांना दाखवायला तिला वटवाघूळ हवं होतं. नवऱ्याच्या छत्रीला कात्री लावायची म्हणताच सासूबाई रुसल्या. मग दुपारी स्वतःच शिवायला बसल्या. टांगायचा बंद मात्र त्यांनी लावला थेट डोक्यावर.

"अहो आई, ते उलटं लटकतं," सून हसली.

"मग लाव की त्याला जरा वळण," सासूबाई म्हणाल्या.

बंद तसाच राहिला. सून मला वर्गात मुद्दाम सुलटं टांगते. पोरं चूक पकडतात, कुणीतरी धावत येऊन माझ्या पायांना चिमटा लावून मला उलटं करतं, आणि तिथून गप्पा रंगतात. आमची किळस करणारीच मग माझे पंख कुरवाळतात.

अशात बाजारामागचं जुनं झाड तोडायचं ठरलं. माझे जिवंत भाऊबंद त्यावर राहतात. घाण करतात, रोगराई आणतात, अशी तक्रार होती. सून सांगत राहिली, त्यांना हात लावू नका, लांबून बघा, तेच रात्रभर रानात बिया पेरतात. ऐकतो कोण? सासूबाईंनी मात्र गुपचूप व्रत धरलं: झाड वाचेपर्यंत फळ तोंडात घालायचं नाही. त्यांच्या वाटणीचं फळ त्या जिवांना.

नगरपालिकेत झाडाची सुनावणी लागली, तिथे सून मला घेऊन गेली. अध्यक्ष हसून म्हणाले, आधी ते खेळणं आवरा. शिपायाने मला ओढलं, सुनेनं सोडलं नाही, आणि माझा पंख टर्रकन फाटला. तेव्हा मागच्या रांगेतून, सभेत कधी तोंड न उघडलेल्या सासूबाई उठल्या.

"साहेब, ही आमच्या ह्यांची छत्री. मी या जिवांपायी कापली, तुम्ही फाडलीत. आता उद्यापासून मी माळ घेऊन त्या झाडाखाली बसणार. आधी मला उठवा, मग करवत लावा."

दुसऱ्या दिवशी त्या खरंच बसल्या. शेजारणी सतरंज्या घेऊन आल्या. करवतवाले आले, चहा पिऊन परत गेले. हुकूम स्थगित झालाय, रद्द नाही. सासूबाई अजून फळ खात नाहीत, आणि देव ऐकेल यात त्यांना तिळमात्र शंका नाही.

परवा सून माझा पंख शिवायला बसली, तर त्यांनी सुई काढून घेतली. म्हणाल्या, "राहू दे फाटका. कुणी फाडला, ते लोकांना विचारू दे."

तर बाबांनो, विचारा. चारचौघांत, मोठ्याने विचारा.