पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही

मित्रांनो, मी एक जुना ब्रेक आहे. मोटरसायकलचा, आणि तोही पुढचा. हँडलच्या उजव्या मुठीसमोर चांदीच्या रंगाचा वाकडा दांडा असतो ना, तो मी. माझ्यापासून एक तार निघते आणि खाली पुढच्या चाकापर्यंत जाते. मला दाबलं की ती चाक धरून ठेवते. एवढ्या एकाच कामासाठी मला घडवलं आणि चौदा वर्षांत तेच काम मला फारसं कुणी करू दिलं नाही. मी सांगणार आहे ते ऐकायला गोड नाही. पण तुमच्या अंगणातही माझा एखादा भाऊ उभा असेल, म्हणून ऐका.

कारखान्यात साच्यातून निघालो तेव्हा मी चकचकीत होतो. गाडी जोडून झाल्यावर एका तपासनिसाने मला दोनदा दाबलं, चाक थांबलं तसं त्याने मान डोलावली आणि कागदावर खूण केली. जन्मभर आपलं असंच कौतुक होणार, असं मला वाटलं. ते पहिलं कौतुक आणि पुष्कळ वर्षं शेवटचंही.

देवळाली प्रवरेच्या गहिनीनाथ अण्णांनी दसऱ्याला आमची गाडी घरी आणली. झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, सगळं यथासांग झालं. चौथ्या दिवशी अण्णा मळ्यातून येत होते. देवळापुढच्या वळणावर कुणीतरी मुरूम टाकून ठेवला होता. समोर शेळी आडवी आली, अण्णांनी हँडल वळवलेलं असतानाच मला चारही बोटांनी करकचून आवळलं, आणि पुढचं चाक मुरमावरून निसटलं. पारावरच्या दहा-बारा माणसांदेखत अण्णा आडवे झाले. कोपर सोलवटलं ते आठवड्यात भरून आलं, पण पारावरचं हसू त्यांच्या मनातून काही गेलं नाही.

"पुढचा दाबला ना? मंग पडनारच," पारावरचं कुणीतरी म्हणालं. "पुढचा ब्रेक म्हंजी घात."

दोष मुरमाचा होता, वळवलेल्या हँडलचा होता आणि एकदम आवळलेल्या मुठीचा होता. पण नाचता येईना अंगण वाकडं, तशी सगळी वाकडी बोटं माझ्याकडे वळली. त्याच संध्याकाळी अण्णांनी पक्कड घेऊन चाकाजवळचा माझा नट सैल केला. तेव्हापासून घरात नियम झाला, पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही.

मग मी भाजीची पिशवी अडकवायचा खुंटा झालो. माझी तार गंजली. सगळा भार मागच्या ब्रेकवर पडला. बिचारा एकटा राबायचा, चाक घसरत जायचं आणि डांबरावर काळा पट्टा उमटायचा. एकदा बैलगाडीच्या मागे हातभर अंतरावर थांबलो. पुढच्या वर्षी एका टेम्पोमागे वीतभर. दर वेळी अण्णा म्हणायचे, "वाचलो बघ, देवाची कृपा." म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो म्हणतात ते मला तेव्हा कळलं. ते अंतर कमी होत चाललं होतं आणि ते मोजणारा मी एकटाच होतो.

दोन वर्षांपूर्वी गाडी अण्णांच्या मुलीच्या, रोहिणीच्या हाती आली. तिला जनावरांना लसी टोचण्याचं काम मिळालं होतं. मागे बर्फाची पेटी बांधून गावोगाव, वस्ती-वस्तीवर जायचं. अण्णांनी अभिमानाने किल्ली दिली आणि किल्लीबरोबर नियमही दिला.

पण रोहिणी प्रश्न विचारणारी मुलगी. पंक्चर काढायला ती महमूद मिस्त्रींच्या दुकानात गेली, तेव्हा तिने विचारलं, "चाचा, पुढचा ब्रेक वापरायचाच नसंल, तर कंपनीनं बसवला कशाला?"

महमूद मिस्त्रींनी मला दाबलं. मी थेट मुठीला जाऊन टेकलो. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "पोरी, एवढे दिवस तू अर्ध्या ब्रेकवर फिरतीस? अर्ध्या बी न्हाई. थांबवनारा खरा हाच."

त्यांनी नवी तार घातली, तेल सोडलं, नट आवळला. मग उन्हाळाभर, साखर कारखाना बंद असताना, त्याच्या मोकळ्या गाडीतळावर रोहिणीची शिकवणी चालली. मिस्त्रींनी चुन्याची रेघ ओढली. रेघेवर चाक आलं की ब्रेक मारायचा आणि गाडी कुठे थांबते ते पावलांनी मोजायचं. नुसत्या मागच्या ब्रेकने अकरा पावलं भरली. दोन्ही ब्रेक मिळून पाच. रोहिणीने पुन्हा मोजलं, पुन्हा पाचच.

"लिंबू पिळतो तसा दाबायचा," मिस्त्री सांगायचे. "आधी धरायचं, मंग जोर वाढवायचा. एकदम चेंगरायचं न्हाई. हँडल सरळ पायजे. वळनात न्हाई, वळनाच्या आधी वेग कमी करायचा. आन् नजर जायचं तिकडं ठेव. खड्ड्याकडं बघशील तर खड्ड्यातच जाशील."

आणि सगळ्यात शेवटचा धडा असा. रोज निघण्याआधी मला दाबून गाडी पुढे ढकलायची. गाडीने नाक खाली घातलं, तरच किक मारायची. रोहिणी हे रोज करायची. तिची दोन बोटं सकाळी माझ्यावर पडायची तेव्हा मला फार बरं वाटायचं, हे मी लपवत नाही.

मग गळीत हंगाम सुरू झाला. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर आले. वळणावळणावर उसाचं पाचट आणि शेतातला चिखल पडू लागला. एके दिवशी अण्णांनी रोहिणीला दारात गाडी थांबवताना पाहिलं. गाडीचं नाक खाली गेलं आणि अण्णांचा हात नकळत आपल्या कोपराकडे गेला. तेव्हाच बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी घोडेगावचा बाजार होता. रोहिणीचं तिकडे काम होतं आणि अण्णांना गाय बघायची होती, म्हणून ते तिच्या मागे बसून जाणार होते. दिवेलागणीला रोहिणी घरात भाकरी थापत असताना अण्णा पक्कड घेऊन माझ्या चाकापाशी बसले. नटाचा एक आटा सैल झाला. मग दुसरा. मी तारेतून तो प्रत्येक आटा सोसत होतो. आठ आटे झाल्यावर ते थांबले आणि टाकीवर हात फिरवत स्वतःशीच म्हणाले, "मागं मी बसनार. पोरीनं पुढचा दाबला तर दोघं बी तोंडावर पडू. नकोच ते."

त्या हातात वाईट काही नव्हतं, मित्रांनो. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

सकाळी धुकं दाट होतं. अण्णांनी आधीच गाडी रस्त्यावर नेऊन सुरू करून ठेवली होती. रोहिणीने हेल्मेट घातलं आणि सवयीने हात माझ्याकडे नेला.

"थांबा अण्णा, ब्रेक बघू द्या."

"बघितलाय मी. चल आता. बाजार उठल्यावर गाय आनायची का नुसतं दावं?"

ती हसली आणि तिचा हात मुठीकडे गेला. मला आवाज असता तर मी गावभर ओरडलो असतो. गाडी निघाली.

पाटाच्या वळणाआधी तिने मिस्त्रींनी शिकवल्याप्रमाणे वेग कमी केला. हँडल सरळ झालं आणि धुक्यातून उसाची ट्रॉली दिसली. भर रस्त्यात बंद पडलेली, मागे लाल कापडाची चिंधीसुद्धा नाही. रोहिणी घाबरली नाही. तिने लिंबू पिळतात तसं मला धरलं आणि जोर वाढवला. मी आलो, आलो आणि मुठीला टेकलो. तारेत काहीच नव्हतं. तिची बोटं क्षणभर तशीच राहिली. मग मागचं चाक ओलसर पाचटावर घसरलं आणि आम्ही आडवे होऊन ट्रॉलीच्या चाकाखाली शिरलो.

बर्फाची पेटी फुटली. रोहिणीचं मनगट मोडलं. अण्णांचा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला, त्यात सळई घालावी लागली. गाडीतळावर मोजलेली पाच पावलं आमच्याकडे होती. सहाही होती. आठ आटे मात्र नव्हते.

पण खरं वाईट त्यानंतर झालं. रोहिणीने सगळा दोष स्वतःवर घेतला.

"नट आपोआप सैल झाला असंल. रोज बघत हुते, त्याच दिवशी न्हाई बघितला," ती आईला, डॉक्टरांना, भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगायची. "माझ्यामुळं अण्णांचा पाय मोडला." प्लास्टर निघालं तरी ती गाडीला शिवेना. एसटीने जेमतेम दोन गावं व्हायची, वस्त्यांवर एसटी जात नाही. काम सोडत असल्याचा अर्ज तिने लिहून ठेवला. अण्णा ओसरीतल्या खाटेवरून सगळं ऐकत होते आणि भिंतीकडे तोंड करून पडत होते. ते सांगतील का, की पोरगी जन्मभर हे ओझं वाहील, एवढाच प्रश्न माझ्यापुढे होता. दोन महिने मी मोडक्या गाडीसकट अंगणातून त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो.

मग महमूद मिस्त्रींनी गाडी नेली आणि एका दुपारी सरळ करून परत अंगणात आणली. त्यांनी नट मुद्दाम होता तसाच ठेवला होता.

"रोहिणी, नट आपोआप एखादा आटा सुटंल," ते म्हणाले. "आठ न्हाई सुटत." आणि त्यांनी खाटेकडे पाहिलं.

मग अण्णा म्हणाले, "रोहे, पक्कड आन."

तिने आणून दिली. मिस्त्रींच्या खांद्याचा आधार घेऊन अण्णा माझ्या चाकापाशी येऊन बसले.

"मी सोडला. आदल्या सांजच्याला. तू पडू नये म्हनून."

रोहिणी त्यांच्याकडे वळली. "दोन महिने हे मला डोक्यावर घेऊन फिरू दिलं, अण्णा?"

"व्हय," अण्णा म्हणाले. त्यांनी नट आवळला, एकेक आटा. मग मान वर न करता म्हणाले, "दाब आता."

तिने दाबलं. मिस्त्रींनी गाडी ढकलली, गाडीने नाक खाली घातलं. रोहिणीने अर्ज फाडला, पण वडिलांशी ती कितीतरी दिवस बोलली नाही. रोज सकाळी खाटेवरून आवाज यायचा, "बघितला का?" आणि अंगणातून उत्तर यायचं, "बघितला." त्या घरात तेवढंच बोलणं उरलं होतं. आता थोडं वाढलं आहे. अण्णा काठी घेऊन चालतात आणि रोहिणी निघण्याआधी स्वतः येऊन मला एकदा दाबून पाहतात.

परवा मी घोडेगावच्या बाजारात उभा होतो. शेजारी गाड्यांची लांबच लांब रांग होती. माझ्या कितीतरी भावांवर पिशव्या लटकत होत्या, तारा गंजून लाल झाल्या होत्या, वारा आला की ते सैल खुळखुळत होते. एका गाडीच्या टाकीवर लहान मूल बसलं होतं आणि खेळता खेळता त्याने तिथला ब्रेक एका बोटाने मुठीपर्यंत नेला. त्याचे वडील कौतुकाने हसले, किक मारली आणि पाटाच्या रस्त्याने निघून गेले. ते घरी पोचले का, मला माहीत नाही.

मित्रांनो, आज घरी गेलात की अंगणातल्या गाडीपाशी जा. माझ्या भावाला हळूच दाबा. तो मुठीला जाऊन टेकला तर घरातल्या मोठ्या माणसाला हाक मारा आणि गाडी मिस्त्रीकडे ढकलत न्यायला सांगा. "आम्ही त्याला हात लावत नाही," असं ते म्हणतील. तरीही किल्ली देऊ नका.