दार बंद, पडद्यावर उघडं

चोपड्याजवळच्या केळी पिकवण्याच्या शेडमध्ये सकाळीच गर्दी लोटली होती. खोल्यांमधला गॅस आणि दारं उघडी की बंद ते दाखवणाऱ्या कॉम्प्युटरचा पडदा पुन्हा गोठला होता. धूपनाथ महाराजांनी कॉम्प्युटर बंद करवला, वरून केळफूल ओवाळलं, अंगारा फुंकला आणि गरजले, "आता चालू करा!" पडदा झळकला. सगळ्यांनी हात जोडले. शेडचा हिशेब ठेवणाऱ्या मला मात्र एकच खटकलं : ओवाळण्याआधी बटण कशाला बंद करावं लागतं?

दुपारी एका खोलीतला पंखा अडला. पिकणारी केळी कार्बन डायऑक्साइड सोडतात. हवा फिरली नाही की तो आत साचतो, आणि आत शिरलेला माणूस पाहता पाहता कोसळतो. पडद्यावर मात्र हिरवा दिवा होता.

"देवीनं कौल दिलाय. लीलाधर, पंखा सोडवायला बिनघोर आत जा," महाराज म्हणाले.

लीलाधर तिथला कामगार. त्याचा हात कडीवर गेला. तेवढ्यात त्याचा डबा घेऊन आलेली त्याची मुलगी डिंपल मला ओरडून म्हणाली, "आबा, दखा ना! दार बंद शे, आन् पडदावर उघडं!"

खरंच तसं होतं. "लीलाधर, हात काढ!" मी ओरडलो.

"बाळ, देवी पुढचं दाखवते," महाराज हसले. "दार आता उघडणारच आहे."

"मंग मना पप्पा जित्ता बाहेर येतस का, तेबी दखाडा!"

पडदा आल्यापासून हातात धरून गॅस मोजायचं मीटर खुंटीलाच लटकत होतं. मी त्यात नवे सेल घातले, ते काठीला बांधलं आणि दार बोटभर उघडून आत सरकवलं.

मीटर किंचाळलं. लाल! आम्ही दार ओढून घेतलं. लीलाधर भिंतीला टेकून खालीच बसला.

"डिंपल, केळी काढताना कसं करतात गं?" मी विचारलं.

"एक जण घड कापस, दुसरा वाहस, ट्रकवरला थप्पी लावस."

"थप्पीवाला मागे पडला तर?"

"तो हाक मारस, 'थांब रे!' कापणारा थांबी जास."

"आणि नाही थांबला तर?"

"ढीग! खालनं सगळं काळं पडस."

"इथंही तेच झालं. खोल्या वाढल्या, खोल्याखोल्यांतल्या यंत्रांकडून नोंदींचा लोंढा आला, वाचणारा कॉम्प्युटर मागे पडला. त्याला 'थांब रे' म्हणायची सोयच नव्हती. न वाचलेल्या नोंदी त्याच्या मेमरीत साचत गेल्या. म्हणून दुपारी तो सकाळची नोंद दाखवत होता, पडदा पुन्हा चालू झाल्यावर झाडलोटीसाठी दार उघडलं होतं तेव्हाची. ढीग फारच झाला की तो गोठतो. बंद केला की ढीग पुसला जातो आणि पडदा ताजा दिसतो. काम बटणाचं, नाव अंगाऱ्याचं! आणि त्या ढिगाबरोबर धोक्याचे इशारेही पुसले जातात."

महाराज झोळी उचलू लागले.

"थांबा ना महाराज," लीलाधर उठला. "कौल हिरवा शे ना? मंग पंखा तुम्हीच सोडवा."

महाराज फाटकापर्यंत चालत गेले, पुढे पळाले.

नंतर जळगावहून मयुरी नावाची इंजिनिअर आली. तिनं वाचायला आणखी एक कॉम्प्युटर जोडला आणि दोघांनाही 'थांब' म्हणायला शिकवलं. 'थांब' म्हटलं की वाट मोकळी होईपर्यंत नोंदी खोलीतल्याच यंत्रात जपून ठेवल्या जातात. धोक्याचा इशारा मात्र रांग सोडून पुढे येतो.

मुलांनो, यंत्र अडलं तर ओवाळू नका. आत किती येतंय, बाहेर किती जातंय आणि मधे 'थांब' कोण म्हणतंय, ते विचारा. आणि कुणी हिरवा कौल दाखवला, तर आधी दाराकडे बघा.