वळणावळणाला माणूस

हायवेवरून आत वळलं की गावाचा बोर्ड लागतो. त्यावर लोकसंख्या रंगवलेली आहे, पण शेवटचा आकडा गंजाने खाल्ला, त्यामुळे हजारांचं गाव शेकड्यांवर आलं. कुणी दुरुस्त केलं नाही. खरं सांगायचं तर गंजाने सरकारपेक्षा चोख शिरगणती केली. पोरं शिकली की जातात, न शिकली तरी जातात. मागे उरतात ती गुडघे दुखणारी आणि त्यांना सोडून जायची लाज वाटणारी.

गावाची ठेवण म्हणाल तर एका अंगाला टेकडी, खाणवाल्यांनी अर्धी कुरतडून ठेवलेली. दुसऱ्या अंगाला नदी. ती गावाला वळसा घालून जाते, आत यायला तिचंही मन होत नसावं. मधे वरचं गाव, उतारावर खालचं गाव, आणि दोघांना जोडणाऱ्या गल्ल्या. त्या कुणी आखल्या नाहीत, गुरं जिथून गेली तिथून झाल्या. नकाशावर एवढ्या सगळ्याचं एक टिंब आहे. टिंब काढणाऱ्याने इथे कधी पाय ठेवला नाही. ठेवला असता तर अजून फिरत असता.

आज शिंप्याच्या घरी निघालेल्या गाडीचं नेमकं तेच झालं. भर दुपारी त्याची आई जेवून उठली, छातीवर हात ठेवून खाली बसली आणि पुन्हा उठेना. अंग घामाने थबथबलं, ओठ काळवंडले. शिंप्याने अॅम्ब्युलन्सला फोन केला. अॅम्ब्युलन्स निघाली, बोर्डापर्यंत आली आणि गावात शिरून हरवली.

"अहो, समोर तळं आहे," ड्रायव्हर फोनवर म्हणाला. "मोबाइलमधली बाई म्हणतेय सरळ जा."

"बाईचं ऐकू नका. मागे फिरा, गिरणीपाशी डावीकडे घ्या."

"गिरणी कुठाय?"

गिरणी जळून कैक वर्षं झाली होती. तिथे आता कमरेएवढं गवत.

"बरं, मग थिएटरवरून या."

थिएटरात सिमेंटची पोती भरलेली, आणि दारावर पाटी नाही. शिंप्याने चिंचेचं झाड सांगून पाहिलं. चिंच रस्ता रुंद करायचा म्हणून तोडली होती. रस्ता होता तेवढाच राहिला. जन्म गेला ह्या गावात, आणि आपल्या घराची वाट सांगता येईना. तोंडातून निघेल ती खूण मेलेली.

आई खाटेवरून बोलली, धाप लागलेली तरी बोललीच. "डॉक्टरच्या दवाखान्यावरून... खाली उतर म्हणावं."

"आई, डॉक्टर जाऊन जमाना झाला."

"म्हणून वळण पण गेलं का, शहाण्या?"

"सासूबाई, तुम्ही बोलू नका," सून वारा घालत म्हणाली.

"मग सांगणार कोण? हा? ह्याला शाळेतून घरी आणायला मीच जायची."

स्वतः पळत सुटावं तर आईने त्याचं मनगट धरलेलं. पकड ढिली पडत चालली होती, आणि त्याला सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच होती. समोर मशीनवर अर्धवट शर्ट होता, शिवणीच्या रेषेवर टाचण्या टोचलेल्या. जिथे कापड वळायचं तिथे टाचणी. शिंप्याने त्या टाचण्यांकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, "आहात तिथेच थांबा. वळणावळणाला माणूस उभा करतो. माणूस हात करील तिकडे वळा."

पहिला फोन न्हाव्याला. "गिरणीच्या वळणावर जाऊन उभा राहा. आई..."

"निघालो." गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी तसंच सोडून न्हावी पळाला. थिएटरपाशी मास्तर गेले, दुपारच्या झोपेतले, बनियनवर. चिंचेच्या जागी चहावाला.

राहिलं नदीचं वळण. ते सगळ्यात अवघड, तिथे चुकलं की गाडी थेट पात्रात. आणि तिथे घर एकच, काकीचं. शिंप्याची काकी म्हणजे आईची धाकटी जाऊ. घराच्या वाटण्या झाल्यापासून दोघी एकमेकींच्या सावलीला उभ्या राहत नव्हत्या. एका गावात असं राहायला कसब लागतं, आणि दोघींनी ते कमावलं होतं. शिंप्याने नंबर लावला.

"कोण?"

"मी, काकी. आईच्या छातीत दुखतंय. गाडीला वाट दाखवायला रस्त्यावर उभं राहायला पाहिजे."

मग काकी म्हणाली, "कुणीकडे तोंड करून?"

गाडी आली. न्हाव्याच्या हाताने वळली, मास्तरांच्या हाताने चढली, चहावाल्याच्या हाताने उतरली, आणि काकीच्या वळणावरून नेमकी शिंप्याच्या दारात. गाडीबरोबरच्या नर्सने आईला उचलून आत घेतलं, तोंडाला मास्क लावला, सुई टोचली. "उशीर केला नाहीत ते बरं झालं," ती म्हणाली, आणि शिंपीही आईजवळ गाडीत चढला.

परतताना पहिल्याच, नदीच्या वळणावर ड्रायव्हर चमकला. "ही बाई अजून उभीच?"

"सगळीच उभी आहेत. नाहीतर बाहेर कसे पडणार होता?" शिंपी म्हणाला.

आईने बोटानेच विचारलं, बाहेर कोण आहे. शिंप्याने खिडकीतून पाहिलं. "काकी आहे. छत्री घेऊन."

आईने मास्क बाजूला सारला. "कुठली छत्री?"

"आजोबांची. तिच्या वाटणीला गेलेली."

"उघडली म्हणजे. मला वाटलं पेटीत कुजवली."

एवढ्यात काकी रस्त्याच्या मधोमध आली, आणि गाडी करकचून थांबली. काकीने मागचं दार उघडलं, छत्री मिटली आणि कुणाला न विचारता आत चढली.

"काकी, तू कुठे?"

"दवाखान्यात बाईमाणूस नको का? तुझी बायको मुलांना बघेल. तू काय तिथे बटणं लावणार आहेस?" मग ती आईकडे वळली. "गिरणीवरून आणलीत ना गाडी? तळ्यावरून जवळ पडलं असतं."

"तळ्यावरून रस्ताच नाही," मास्कमधून आवाज आला.

"होता की. आपण दोघी पाणी आणायला तिथूनच जायचो."

"तो पलीकडून. तुला तेव्हाही कळायचं नाही."

"आजी, बोलायचं नाही," नर्स म्हणाली.

"आधी हिला सांगा," आई म्हणाली, आणि काकीने तिचा मास्क नीट बसवला.