खाजणवाडीचा हवेचा ठराव

खाजणवाडीत गाऱ्हाण्याला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. वाडीचे मानकरी असलेल्या आबांनी देवळात उभं राहून देवाला गाऱ्हाणं घालायचं, प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं आणि मग नारळ फोडायचा, ही पद्धत. आबा काय म्हणाले ते ऐकायलाच पाहिजे असं नाही. शेवटी त्यांचा आवाज चढला की होकार द्यायचा, एवढं पाळण्यातल्या पोरालाही कळतं.

अशा वाडीत शिमग्याच्या सुमारास गावोगावची हवा स्वच्छ करायला निघालेल्या एका संस्थेचे साहेब आले आणि देवळाच्या भिंतीला मोठा पांढरा कागद चिकटवून म्हणाले, "हवा तुमची आहे, तेव्हा आराखडाही तुमचाच हवा. सूचना करा." कागद बराच वेळ पांढराच राहिला. शेवटी वाडीची लाज राखायला बाबली उठला. तो मच्छीमार, स्वतःच्या होडीचा मालक.

"सायबानू, ही हवा नोंदवली काय तिका घरपट्टीसारखी पट्टी लागतली?"

मंडळी हसली. हसू ओसरायच्या आत आबांची बायको, प्रेमलता, उभी राहिली. तिला दमा. मुठीत पंप धरूनच ती सभेला आली होती.

आबांचं घर मसणाच्या वरच्या अंगाला. पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो, लाकडं ओली असतात, म्हणून होडीला धक्का लागू नये म्हणून कडेला बांधतात ते जुने टायर चितेखाली सरकवायची वाडीत रीत. तो काळा धूर कोणाला न विचारता थेट आबांच्या स्वयंपाकघरात शिरायचा. प्रेमलता ओरडायची, "अवो, खिडकी!" आबा हातातलं टाकून खिडकी लावायला धावायचे. एवढी वर्षं दोघांचा संसार त्या एका खिडकीवर चालला होता म्हटलं तरी चालेल.

"मसणात टायर जाळूचे बंद करा," ती म्हणाली. "मयत दुसऱ्याचा, आणि गुदमारतंय मी."

"मगे पावसात मयत कशार जाळूचा गो काकी?" बाबली म्हणाला. "गॅसच्या शेगडीर?"

"लाकडां सुकी ठेवा मेल्यांनो! चुलीसाठी माडाची चुडतां झाकून ठेवतास, माणसाची लाकडां ठेवूक काय धाड भरता? आणि बाबली, तुका सांगान ठेवतंय, माझ्याखाली तरी टायर घालू नको."

पुन्हा हशा झाला. प्रेमलता खोकत खाली बसली. चारचौघांत बायकोची बाजू घ्यायची वाडीत पद्धत नाही, म्हणून आबांनी ती देवाच्या नावावर घेतली. ते उठले आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाशी जमली आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची छाती भरता, कोणाचो श्वास अडाकता! ह्या मसणात आजपासून टायर जळाक देवू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाबलीसुद्धा ओरडला. सवयच ती. साहेबांनी कागदावर 'एकमताने मंजूर' असं लिहिलं आणि सगळ्यांचा फोटो काढला. फोटोत प्रेमलता हसते आहे. मुठीतला पंप दिसत नाही.

सुक्या लाकडांसाठी शेड ठरली. पत्रेही आले. शेड हवी याबद्दल वाडीत दुमत नव्हतं, फक्त ती दुसऱ्याच्या कुंपणाला लागून हवी होती. सगळ्यात सोयीची जागा खुद्द आबांची, आंब्याच्या कलमांच्या कडेला.

"देवन टाका," प्रेमलता म्हणाली.

"गणपती होवंदेत, मगे बघू," आबा म्हणाले. कलमांवर त्यांचा जीव होता. तोवर पत्रे भिजून गंजू नयेत म्हणून बाबलीने ते आपल्या होडीवर घातले. तात्पुरते.

गणपतीची वाट न बघता प्रेमलता गेली. आठवडाभर पावसाने उसंत दिली नव्हती. पहाटे तिने पंप दोनदा ओढला, पदर सारखा केला आणि भिंतीला टेकली ती टेकलीच.

मसणात लाकडं उघड्यावर पडून फुगली होती. आबांनी अग्नी दिला. कापूर जळला, तूप जळलं, डिझेल भडकलं आणि विझलं. लाकडं नुसती चुरचुरत राहिली. लोक छत्र्या धरून उभे होते आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मध्येच बाबली कुठेतरी गेला. परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर होडीला लावलेला टायर होता आणि मान खाली होती. पत्र्यांखाली त्याची होडी अगदी कोरडी होती, ते त्याने आत्ताच पाहिलं असणार.

"आबानू," तो हळू म्हणाला, "अर्धवट ठेवन चलाचा नाय. तुमी फक्त तोंड फिरवा."

"तिणा सांगलेला रे, बाबली."

"माझ्याच तोंडार सांगलेला. माका म्हायत नाय?"

आबांना नाही म्हणायचं होतं. पण आयुष्यभर त्यांनी लोकांकडून होच वदवून घेतलं होतं. नाही कसं म्हणतात, ते त्यांना कधी शिकावंच लागलं नव्हतं. बाबलीने टायर खाली ठेवून हात जोडले. त्याने गाऱ्हाणं कधी घातलं नव्हतं, त्यामुळे आवाज फुटत होता.

"बा देवा म्हाराजा... पावसान अडवलानी. जी काय चूक होतली ती आमच्या पदरात घाल. काकीच्या नको."

"व्हय म्हाराजा," मंडळी छत्र्यांखालून पुटपुटली.

आबांचे ओठ हलले नाहीत. ते कोणी मोजलं नाही. हाही ठराव एकमताने झाला.

आबांनी तोंड फिरवलं. पाठीमागे काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, मग फडफड आणि मग पाठीला ऊब लागली. धूर काळाभोर उठला, क्षणभर चितेवर घुटमळला आणि वळून नेहमीच्या वाटेने वर निघाला. आबांनी त्याला जाताना पाहिलं. पुढच्याच क्षणी ते चिखलातून घराच्या दिशेने धावत सुटले.

बाबलीने धावत जाऊन त्यांचा दंड धरला. "आबानू! आग सोडून खंय चललात?"

"खिडकी," आबा धापा टाकत म्हणाले. "अरे, खिडकी उघडी आसा!"

बाबलीने दंड सोडला नाही.

"ऱ्हवांदे, आबानू," तो म्हणाला. "आता ऱ्हवांदे."